रविवारची मीटिंग

नेर, ११ नोव्हेंबर २०२४

अमरभाऊ,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडायला निघाला असाल तर जरा थांबा. मी तुम्हाला घरी बोलवायला लिहीत नाही.

तुमचा जुना नंबर लागत नाही, नवा कुणाकडं नाही. दिवाळीत आपला शाम गावी आला होता, तो बाजारात भेटला. तुम्ही दोघं नाशकात एकाच कंपनीत आहात हे मला माहीतच नव्हतं. तो म्हणाला, "वहिनी, अमरनं पार सोडली. दर रविवारी मीटिंगले जाते तो." मी म्हटलं, कसली मीटिंग? तर म्हणे दारू सोडलेली माणसं एका खोलीत बसतात, आपापलं सांगतात, दुसऱ्याचं ऐकतात, चहा पितात अन् घरी जातात. मला खोटंच वाटलं. नुसतं बसून बोलून सुटते का? मग त्यानं मोबाईलमध्ये तुमचा फोटो दाखवला. गाल भरले आहेत तुमचे. मी तो फोटो जरा जास्तच वेळ बघत राहिले असेन, कारण न मागताच त्यानं पत्ता लिहून दिला.

मला एवढंच विचारायचं आहे, अशी मीटिंग आपल्या जिल्ह्यात कुठं असते का? इथं नेरमध्ये मी कुणाला विचारू शकत नाही. सकाळी विचारलं की संध्याकाळपर्यंत तुमच्या दादांच्या कानावर जाईल, आणि मग.

असो.

दुकान रोज उघडतात. शटर वर असतं एवढंच. वायंडिंगचं काम तुम्ही त्यांच्याच हाताखाली शिकलात, तुम्हाला काय सांगायचं. सकाळी घेतल्याशिवाय त्यांचा हात थांबत नाही आणि घेतल्यावर तारेच्या फेऱ्यांची मोजणी लक्षात राहत नाही. लोक जळलेल्या मोटारी आणून ठेवतात, चकरा मारतात आणि कंटाळून तशाच उचलून दारव्ह्याला नेतात. पाय सुजतात. डोळ्यांत पिवळेपणा आहे. डॉक्टर म्हणाले, लिव्हर खराब होत चाललं आहे, आता थांबले तर थांबले.

माझ्या डाव्या हाताला प्लास्टर होतं, ते निघालं. मोरीत घसरले होते. डॉक्टरांना तेच सांगितलं आहे, तुम्हीही तेच समजा. आमची अर्पिता यंदापासून बाभुळगावला, माझ्या माहेरी शिकते. तिथली शाळा चांगली आहे.

त्यांनी पान्यानं तुमचं कपाळ फोडलं आणि तुमची पिशवी रस्त्यावर फेकली, तो दिवस मी विसरले नाही. म्हणूनच म्हणते, तुम्ही येऊ नका. फक्त कळवा. उत्तर घरी पाठवू नका. मी काम करते त्या अंगणवाडीच्या पत्त्यावर, सेविका मोतीबाईंच्या नावानं पाठवा. त्या मला न उघडता देतील.

तुमची वहिनी
उर्वशी


नेर, ४ डिसेंबर २०२४

अमरभाऊ,

तुमचं पत्र मिळालं. यवतमाळचा पत्ता आणि नंबर पाठवलात, उपकार झाले. शेवटच्या ओळीत "वहिनी, मी नाही येऊ शकत, मला ते घर झेपत नाही" असं लिहिलं आहे. मी वाचलं. समजलं.

नंबर लावला तर एक बाई बोलल्या. बसंतीबाई त्यांचं नाव. मीटिंग त्यांचे मालक चालवायचे. म्हणाल्या, "ते तर गेले ना बाई. दारूनं नाही गेले, हार्टनं गेले." हे त्या दोनदा बोलल्या. मीटिंग आता कुठं भरते ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी फोन ठेवला नाही. माझा माणूस किती पितो, मारतो का, हे विचारत राहिल्या. मी म्हटलं, मारत नाहीत.

मग अंगणवाडीच्या कामाचं सांगून मी एकटीच यवतमाळला गेले. तुम्ही दिलेल्या पत्त्यावर एक शाळा आहे. चौकीदारानं मागची खोली दाखवली. आत मोडके बाक एकावर एक रचून ठेवले होते. भिंतीवर कसलीशी प्रार्थना चिकटवली होती, तिचा खालचा अर्धा भाग फाटलेला. समोरच्या चहावाल्याला विचारलं, तर तो हसला. "दारूची मीटिंग? ते काय, तठी भरते रोज," म्हणून त्यानं बारकडं बोट दाखवलं. बाकड्यावरची माणसंही हसली. मी पण थोडी हसले, भाऊजी. का हसले कोण जाणे. लाज वाटली की माणूस असंच करत असेल.

परत फिरणार होते, पण आलेच आहे तर म्हणून मोठ्या दवाखान्यात गेले. मानसिक आजारांच्या ओपीडीत एक नर्स होती, तिनं कुणालातरी फोन लावला आणि सांगितलं, पाटीपुऱ्याच्या बाजूला एक विहार आहे, त्याच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी भरते. त्याच्या पुढच्या रविवारी मी परत गेले. बाहेर पाटी नाही, काही नाही. चपलांच्या रांगेवरून ओळखलं.

तिथं देवरावजी म्हणून आहेत. एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. स्वतःही प्यायचे. मला बाहेर उभी बघून आले आणि म्हणाले, "या ना बाई. पिणारा कुठी आहे?"

"तो नाही येत. मी त्याची बायको."

"मंग तुमीच बसा."

घरच्या लोकांसाठी ते थोडा वेळ वेगळं बसतात. मी, अजून दोन बायका आणि एक म्हातारे वडील होतो. तिथं ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही असा नियम आहे, म्हणून लिहीत नाही. फक्त एका बाईनं सांगितलं की ती पण मोरीत घसरली होती. तेव्हा मला उठून बाहेर यावं लागलं.

देवरावजींना विचारलं, यांना कसं आणू? ते म्हणाले, "आनता नाई येत. गाडीत बसवता येते मानसाले, पन तिकीट त्यानंच काढा लागते." मला आवडलं नाही ते. मी इतकी शोधत आले आणि हा माणूस म्हणतो की आणता येत नाही.

घरी अजून सांगितलेलं नाही. बरी वेळ बघून सांगीन.

उर्वशी


नेर, २३ डिसेंबर २०२४

अमरभाऊ,

बरी वेळ आली नाही, पण त्यांना कळलं.

दुकानात रक्ताची उलटी झाली. समोरच्या पंक्चरवाल्यानं हाक मारली म्हणून मी धावले. एक मोटार उघडून बसले होते, तिच्या नव्या तारांवर सगळं रक्त. ते फडक्यानं तारा पुसत होते. स्वतःचं तोंड नाही, तारा. नेरच्या डॉक्टरांनी लगेच यवतमाळला पाठवलं.

दवाखान्यात दारू बंद झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून ते ओळखेनात. औषधं चालू होती, तरी. पलंगावर बसून हवेत तार गुंडाळत होते. दोन्ही हातांनी, नीट, फेऱ्यावर फेरा. मी विचारलं, "काय करून राह्यले?" तर म्हणाले, "पाच हॉर्सपावरची आहे. संध्याकाळी द्याची आहे. बोलू नको, मोजनी चुकते." भाऊजी, इतक्या वर्षांत त्यांचा हात इतका स्थिर मी पाहिला नव्हता. नंतर त्यांना पलंगाला बांधावं लागलं.

शुद्धीवर आले तेव्हा देवरावजी शेजारी बसले होते. मीच फोन केला होता. त्यांनी उपदेश केला नाही. "मले पन बांधलं होतं, खालच्या वार्डात," एवढंच म्हणाले, आणि मोसंबी सोलत बसले. ते गेल्यावर यांनी मला विचारलं, "कोन होता तो?" मी सगळं सांगितलं. वाटलं आता ओरडतील. ते छताकडं बघत होते. मग म्हणाले, "कुठी भरते ते मीटिंग?"

काल रविवार होता. सुट्टी मिळाल्या मिळाल्या आम्ही दवाखान्यातून सरळ विहारात गेलो. मी दाराबाहेरच्या पायरीवर बसले. आतून त्यांचा आवाज आला, "माह्यं नाव श्रावण." पुढं काही नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि दुसरं कुणीतरी बोलू लागलं.

बसमध्ये येताना त्यांनी विचारलं, "तुले कोनं सांगतलं या मीटिंगचं?" मला खोटं बोलता आलं नाही. तुमचं नाव सांगितलं. नाव ऐकल्यावर त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. लासिना गाव मागं गेलं तरी तसेच बसून होते. नेर आल्यावर म्हणाले, "अमरले बोलाव. तो संगं आला तर मी जाईन दर रविवारी. एकट्यानं नाई होत माह्याच्यानं."

मी लिहिलं होतं की बोलावणार नाही. आता बोलावते आहे. संक्रांतीला या. चार दिवस राहा, एका मीटिंगला त्यांच्यासोबत बसा, आणि जा. ते बदलले आहेत. घरात थेंब नाही. सासूबाईंनी तुमची गादी उन्हात टाकली आहे. मी त्यांना काहीच बोललेली नाही, त्यांना कसं कळलं देव जाणे.

उर्वशी


नेर, ३ जानेवारी २०२५

अमरभाऊ,

तुमच्या चिठ्ठीत एकच प्रश्न आहे. मी यावं की नाही हे तिथल्या जुन्या माणसांना विचारलं का?

विचारलं. देवरावजींची हरकत नाही.

सासूबाई तिळाचे लाडू करत आहेत. त्यांच्या हातानं आता पाक जमत नाही, तरी मला करू देत नाहीत. वाट बघतो.

उर्वशी


नेर, २८ जानेवारी २०२५

अमरभाऊ,

तुम्ही पहाटे कुणाला न सांगता गेलात. गादी घडी करून ठेवली होती. सासूबाई दुपारपर्यंत म्हणत होत्या, की दुकानात गेला असेल.

शाम म्हणतो, तुम्ही पोचलात, पण कामावर गेला नाहीत. म्हणून हे लिहिते. तुम्हाला तुमच्याकडचं माहीत आहे. माझ्याकडचं ऐका.

संक्रांतीला तुम्ही दारात उभे राहिलात आणि यांनी तुमच्या कपाळावरच्या खुणेला हात लावला. मग तुम्ही दोघं दुकानात गेलात. मी डबा घेऊन गेले तर तुम्ही तार घालत होतात आणि ते शेजारी बसून मोजत होते. त्या रविवारी तुम्ही सोबत मीटिंगला गेलात. येताना बोरं आणलीत. मी अर्पिताला फोन करून सांगितलं, की परीक्षा झाली की घरी ये. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

गुरुवारी तुम्ही ती मोटार बसवायला शेतावर गेलात. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, मालक घाई करत होता. मोटार चालू झाली, पाणी आलं, मालक खूश झाला आणि त्यानं बाटली काढली. हे सगळं मला नंतर त्याच्याच घरातून कळलं. आधी तुमच्या दादांनी घेतली. तुम्ही त्यांचा हात धरलात, ओढलंत, रस्त्यापर्यंत एकटे चालत आलात आणि परत फिरलात. का परत फिरलात हे मी विचारत नाही. त्यांना तिथं सोडून येववलं नसेल.

सासूबाई आणि मी अंगणात तूर पाखडत होतो. दिवस बुडायला आला होता. गल्लीच्या तोंडाशी तुमचं हसणं ऐकू आलं. दोघांचं. तुम्ही लहानपणी हसायचात म्हणतात तसं, श्वास न घेता. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "आयक, उर्वशी. माह्ये लेकरं हासून राह्यले."

भाऊजी, मलाही आधी बरंच वाटलं. क्षणभर खरंच बरं वाटलं. तुम्ही फाटकाला धडकलात तेव्हा समजलं. सासूबाईंना तेव्हाही समजलं नाही. त्या लाडू आणायला आत गेल्या.

आता एक सांगते, मग हवं तर माझं तोंड बघू नका. तुम्ही विचारलं होतं, जुन्या माणसांना विचारलं का. मी विचारलं होतं. देवरावजी म्हणाले होते, "नका बोलावू त्याले. तो अजून कच्चा आहे. त्याची मीटिंग त्याच्या गावात आहे, त्याले तठीच राहू द्या. दोघंही जातीन." हे मी तुम्हाला उलटं लिहिलं. मला तेव्हा एकच माणूस दिसत होता. तुम्ही बरे झाला होतात, म्हणून मला वाटलं, तुमच्यातलं थोडं काढून घेतलं तर चालेल.

माफी मागत नाही. तुम्ही कामावर जा. मीटिंगला जा. हे रोज पितात आता. मी बघते इथलं.

उर्वशी


नेर, १० मार्च २०२५

अमरभाऊ,

हे पत्र शामच्या हाती देते आहे. तो दोन दिवसांसाठी गावी आला होता, आज रात्रीच्या गाडीनं परत निघेल. तुम्ही दार उघडत नाही असं तो म्हणतो, म्हणून फटीतून आत सरकवायला सांगितलं आहे.

तुमचे दादा मंगळवारी गेले. निरोप तुम्हाला शामनं दाराबाहेरूनच दिला, आणि आतून काही आवाज आला नाही. आला नसेल ऐकू असं समजून परत लिहिते. पुन्हा रक्ताची उलटी झाली, या वेळी थांबली नाही. यवतमाळला नेत होतो. गाडीत ते शुद्धीत होते. शेवटी काही मोठं बोलले असतील असं तुम्हाला वाटेल. नाही बोलले. "थंडी वाजते," म्हणाले. मी माझा पदर टाकला, तो भिजला. लासिन्याच्या अलीकडं हात सुटला.

देवरावजी मसणात आले होते, मीटिंगमधली अजून काही माणसंही. ती आधी नुसती एका बाजूला उभी होती. लोक विचारत होते, हे कोण? मी सांगितलं, यांचे दोस्त. मग मीटिंगच्याच माणसांनी लाकडं रचली. नेरमधले दादांचे रोजचे सोबती आले, पण ते मागच्या बाजूला झाडाखाली बसले होते. का बसले होते ते तुम्हाला कळेल.

तेरवी येत्या रविवारी आहे. तुम्ही येऊ नका.

हे मी रागानं म्हणत नाही. तुम्ही आलात तर झाडाखालची माणसं तुम्हाला सोडणार नाहीत. भाऊ गेला, आता घे थोडी, असं म्हणतील, आणि कुणी त्यांना अडवणार नाही, मीही अडवू शकणार नाही. सासूबाई रोज विचारतात, "अमर नाई आला?" मी सांगते, कंपनी सुट्टी देत नाही. तुमच्या वाट्याचं पाणी मी सोडीन. गावानं काय म्हणायचं ते म्हणावं. मी नेरमध्ये राहते, मला ऐकायची सवय आहे.

अर्पिता आली आहे. बापाला बघायला आली, पण उशीर झाला. ती माझ्या डाव्या हाताकडं बघत होती. मी तिला खरं सांगितलं. तिला आधीच माहीत होतं.

आता माझं ऐका. मी परवा देवरावजींना तुमचा पत्ता दिला. तुम्हाला न विचारता दिला, हेही तुम्ही लिहून ठेवा माझ्या नावावर. त्यांनी तिकडं नाशकात फोन केला. तुमच्या खोलीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर रविवारी सकाळी एक मीटिंग भरते, तुमच्या जुन्या मीटिंगपेक्षाही जवळ. तुमच्या मीटिंगची माणसं आधीच दोनदा तुमच्या दारापर्यंत येऊन गेली आहेत, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही आत होतात. ते रागावलेले नाहीत. देवरावजी म्हणाले, "त्यात रागवाचं काय आहे? आमी समदे दाराच्या आतलेच."

रविवारी, इथं तेरवीच्या जेवणाची तयारी चालू असेल तेव्हा, ते तुम्हाला न्यायला परत येणार आहेत. दोघं जण. त्यांच्यातला एक वयस्क आहे, तुमच्या जिन्यावर त्याला धाप लागते असं देवरावजी सांगत होते. त्याला फार वेळ उभं ठेवू नका.

प्यालेले असाल तरी उघडा.

उर्वशी